गावपळणीतला सराव

वेशीवरच्या वडाच्या पारंब्या गाडीच्या टपावर खरखरल्या, तसा गुरुदासने ब्रेक दाबला. हवेचा फुसकारा सोडत गाडी जागच्या जागी थांबली. मागे बसलेल्या शिपाई पोरांची हेल्मेटे एकमेकांवर आपटली आणि कोणीतरी अर्धी शिवी गिळली.

"काय झालं?" शेजारच्या सीटवरून निरीक्षक काळबांडेंनी विचारले.

"काही नाही, साहेब. वेस आली."

काळबांडेंनी जाड काचेतून पुढे पाहिले. ना फाटक, ना दोरी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिऱ्यांचे बुटके खांब, त्यांतल्या एकावर शेंदूर, आणि पलीकडे तोच डांबरी रस्ता. त्यांना वेस दिसली नाही, यात त्यांचा काही दोष नव्हता. ते विदर्भातले होते.

"मग चल की."

गुरुदासने स्टिअरिंगवरचे हात क्षणभर जुळवले आणि गिअर टाकला. रात्रभर विचार करून त्याने एक पळवाट काढून ठेवली होती. रवळनाथाने गाव सोडायला सांगितले ते माणसांना, गुरांना, कोंबड्या-कुत्र्यांना. गाडीबद्दल देव काही बोलला नव्हता. गाडी आत जाईल, पोरे उतरतील, पण ती परगावची. आपण काही जमिनीला पाय लावायचा नाही. एरवीही ड्रायव्हरने गाडीतच बसायचे असते. घाटावरच्या माणसाने एक तर देव मानला असता नाही तर साहेब. दोघांनाही राजी ठेवायचा हा असला हिशेब आमच्या तळकोकणातच जमतो.

खारवंडे गाव आदल्या सकाळी रिकामा झाला होता. दर काही वर्षांनी देवाचा कौल झाला की गावपळण ठरते. तीन दिवस गावात कोणी राहायचे नाही. चूल विझवायची, दाराला कडी घालायची आणि लहान-थोर, आजारी-धडधाकट सगळ्यांनी वेशीबाहेरच्या माळावर माडाच्या झापांच्या राहुट्या ठोकून राहायचे. तिथे भजने होतात, फुगड्या होतात, एरवी बांधावरून भांडणारे शेजारी एका टोपातली आमटी वाढून घेतात. तीन दिवसांनी पुन्हा कौल लावायचा आणि देवाने हो म्हटले की घरी परतायचे. मधल्या काळात गावात पाऊल टाकणे म्हणजे सगळ्या गावाचे केलेसवरलेले पाण्यात. ही गोष्ट खारवंड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. गुरुदास तवटे तर हवालदार होता आणि पन्नाशीला टेकला होता.

गाडी चिलखती, लष्कराची होती. म्हणजे लष्कराला नकोशी झालेली होती. किनारपट्टीच्या सुरक्षेसाठी म्हणून ती पोलिसांच्या पदरात पडली, तेव्हा तिला आणायला पुण्याला गेला तो गुरुदासच. फोंडा घाट उतरताना त्याचे दंड भरून आले होते, पण मालवणच्या बाजारातून ती पहिल्यांदा नेली तेव्हा दुकानांतून माणसे बाहेर आली. "रणगाडो इलो, रणगाडो इलो," म्हणत पोरे मागे धावली. ठाण्यातल्या महिला पोलिसांनी ओवाळले, नारळ फुटला, पेपरात फोटो आला. गाडीपेक्षा त्यात गुरुदासच मोठा दिसत होता. हिरव्यावर निळा रंग मारला होता, पण कुठे खरचटले की आतला हिरवा डोके वर काढायचाच.

त्यानंतर गाडीला काम उरले नाही. ठाण्यात येणाऱ्या तक्रारी म्हणजे कोणी माडावरचे नारळ काढले, कोणी गडग्याचा, दगडी कुंपणाचा, चिरा हातभर पुढे सरकवला, कोणी दारू पिऊन मेव्हण्याला मारले. मच्छीमारांची खरी भांडणे समुद्रात होत, आणि तिथे ही गाडी जाणार कशी? जत्रेच्या बंदोबस्ताला नेली तर आडवाटेला अडकली आणि लोकांनी तिला टेकून फोटो काढून घेतले. मग ती ठाण्याच्या आवारात आंब्याखाली उभी राहिली आणि कावळ्यांनी तिचे जे करायचे ते केले. पांढरा हत्ती, असे लोक उघड म्हणू लागले.

काळबांडेंना मात्र तिच्याबद्दल कोणी हसलेले खपत नसे. गडचिरोलीत असताना ते अशाच एका गाडीत होते, म्हणून जिवंत राहिले. पुढच्या जीपमधले चौघे राहिले नव्हते. ही गाडी अरुंद वाडीत कशी शिरते, कशी वळते, घराला वेढा कसा पडतो याचा सराव झालाच पाहिजे, असे ते दर सोमवारी म्हणत. पण सराव करायचा कुठे? बाजारात एकदा केला, तर एक म्हातारी भोवळ येऊन पडली आणि पुढाऱ्यांचे फोन आले.

अशात गुरुदास गावपळणीसाठी रजा मागायला गेला. रजा राहिली बाजूला. साहेबांनी विचारले म्हणून त्याने गावपळण काय ते रंगवून सांगितले. साहेब एवढे कान देऊन ऐकताहेत म्हटल्यावर तो आणखी फुलला. "माणूस सोडाच साहेब, गावात कोंबडंसुद्धा नसतं," असे तो म्हणाला, आणि काळबांडेंनी हातातले पेन खाली ठेवले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याच वेळी त्याला 'नको' म्हणता आले असते. पण साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती, आणि ती थाप त्याला दोन दिवस पुरली.

त्यानंतर भावाचा, महादूचा, फोन आला होता. गुरुदास ओरोसला पोलिसांच्या क्वार्टरवर राहायचा. महादू गावातच असायचा, आईला, हौसाबाईला, तोच आणि त्याची बायको आनंदी बघायची.

"आयेक च्यार दिस तुझ्याकडे ओरोसाक ने रे. राहुटीत तिचां होवचां नाय."

"माका हलाक गावणा नाय. नवी गाडी इली हा. तूच बघ कायतरी."

महादू नुसते म्हणाला, "बरां." त्या 'बरां'चा अर्थ गुरुदासने आपल्या सोयीने लावला. आईला ते राहुटीत नेणार, असे त्याने धरून टाकले आणि विषय संपवला.

आता गाडी वाडीत शिरली होती. रस्ता दोन गडग्यांच्या मधून जात होता आणि गाडी त्याला दोन्हीकडून घासत होती. डाव्या बाजूचे दोन चिरे घसरून खाली पडले. आवाज झाला तो तेवढाच. एरवी या वेळेला वाडीत कुठे पाटा चालू असतो, कुठे रेडिओ, कुठे कोणी कोणाला हाक मारत असते. आता घरामागून घरे कड्या घालून गप्प उभी होती. तुळशीपुढे दिवे नव्हते. ज्या गावात आपण लहानाचे मोठे झालो तो असा उघडावाघडा बघताना गुरुदासला कोणाच्या तरी न्हाणीघरात डोकावल्यासारखे वाटले आणि त्याने नजर रस्त्यावरच ठेवली.

"ते बघ. त्या घरासमोर मोठं अंगण आहे. तिथे वळेल," काळबांडे म्हणाले.

ते गुरुदासचे घर होते.

"पुढे देवळाजवळ जास्त जागा आहे, साहेब."

"देवळाजवळ नको. तुमच्या देवाचं आपण कशाला बिघडवायचं? इथेच घे. कोणाचं घर आहे?"

"असेल गावातल्याच कोणाचं," गुरुदास म्हणाला. स्वतःच्या घराबद्दल आपण असे का बोललो, ते त्याला कळले नाही. कदाचित साहेबांनी 'मग तर उत्तमच' म्हटले असते आणि पोरे त्याच्या ओटीवर हसत बसली असती. ते त्याला नको होते.

खळे, म्हणजे ते अंगण, नुकतेच सारवलेले होते. गाव सोडण्याआधी आनंदीने घातलेला शेणाचा हात अजून ताजा दिसत होता, आणि त्यावरून गाडीची रुंद चाके गेली. मागचे दार उघडले. काळ्या कपड्यांतली पोरे उड्या टाकून उतरली, कोणी विहिरीआड, कोणी मांडवाच्या खांबाआड, कोणी पडवीच्या कोपऱ्याला. सुशांत नावाचा कुडाळचा एक तरुण शिपाई दाराच्या अगदी समोर गुडघ्यावर बसला. सगळे अगदी शिस्तीत झाले. काळबांडेंच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी समाधान आले.

"आता घोषणा. माइक घे."

माइक ड्रायव्हरच्या हाताशी होता. गुरुदासने तो उचलला. कर्ण्यातून आपला आवाज निघताना त्याला नेहमीच बरे वाटे. त्याने घसा खाकरला आणि आकाशवाणीवर बोलतात तशा भरदार आवाजात म्हटले, "घराला पोलिसांनी वेढा घातला आहे. आत जो कोणी असेल त्याने हात वर करून बाहेर यावे."

पोरांतले कोणीतरी हसले. साहेबांनी बोटाने 'पुन्हा' अशी खूण केली. गुरुदासने पुन्हा तेच म्हटले, आणखी थोडे खणखणीत.

घरातून काहीतरी घासत सरकल्याचा आवाज आला. मग कडी वाजली. पोरांनी बंदुका सरळ केल्या. त्यातल्या एकाचाही हात आता सरावात नव्हता.

दार उघडले आणि हौसाबाई उंबऱ्यात उभी राहिली. हात वर करा म्हटले होते, म्हणून तिने एक हात वर केला होता. दुसऱ्याने चौकट धरली होती, कारण ती सोडली असती तर ती पडली असती. लुगडे कमरेपासून खाली ओले होते. उजेडाने डोळे किलकिले करून ती गाडीकडे बघत होती.

जाड काचेमागे गुरुदासच्या हातात माइक तसाच राहिला. त्याने बटण सोडले नव्हते. कर्ण्यातून त्याचा श्वास सबंध खळ्यात ऐकू येत होता. लक्षात आले तेव्हा त्याने बटण सोडले.

"बंदुका खाली!" काळबांडे ओरडले आणि स्वतः खाली उतरले. टोपी काढून ते ओटीच्या पायरीशी गेले. "आजी, हात खाली घ्या. काही नाही झालं. आम्ही पोलीस आहोत."

हौसाबाईने हात खाली घेतला नाही. ती साहेबांकडे बघतच नव्हती.

"गुरुदास, खाली ये. घाबरल्यात त्या. तुझ्या गावच्या आहेत, तू बोल."

"गाडी चालू आहे, साहेब."

"बंद कर आणि ये."

त्याने इंजिन बंद केले. पायरीवरून उतरून तो खळ्यात उभा राहिला. बुटाखाली ओले शेण दबल्याचे त्याला कळले आणि देवाबरोबर केलेला करार तिथेच संपला. पण त्या घटकेला त्याला देवाचे भय वाटत नव्हते. भय वाटत होते ते आईच्या ओल्या लुगड्याकडे ही सगळी पोरे बघताहेत याचे.

"ओळखतोस का यांना?" काळबांडेंनी विचारले.

हौसाबाईचे ओठ हलले. 'गु' एवढा उच्चार व्हायला आला होता.

"वाडीतली म्हातारी आहे, साहेब," गुरुदास कचेरीतल्या शुद्ध मराठीत म्हणाला. "मी इथे फारसा नसतो ना. नाव काही लक्षात नाही."

हौसाबाईचे ओठ मिटले. वर केलेला हात तिने आता सावकाश खाली घेतला. कचेरीतली मराठी तिला चांगली कळत होती. याच ओटीवर बसून गुरुदासने शाळेचे धडे मोठमोठ्याने वाचले होते, आणि ते ऐकत ती तांदूळ निवडत असे.

"विचार, एकट्या कशा काय राहिल्या."

गुरुदासने ओठांवरून जीभ फिरवली. "आजये," तो म्हणाला, "तू एकटी कशी रवलंस?"

आजये हा शब्द तिने ऐकला आणि त्याच्याकडे एकदाच पाहिले. मग ती पायरीकडे बघत बोलू लागली.

"मीच रवलंय. माका कोणी ठेवूक नाय. राहुटीत चार माणसांत माझां होवचां नाय. कळणा नाय माका, लुगडां खराब होता. लाज वाटता."

"काय म्हणतात?"

"स्वतःच राहिल्या म्हणतात. तब्येत बरी नसते." लाजेचे त्याने सांगितले नाही. तो शब्द त्याच्या तोंडून निघालाच नसता.

"मुलंबाळं?"

"आजये, झील आसत तुका?"

"आसत मा. दोन." तिचा आवाज अगदी साधा होता, शिधावाटपाच्या दुकानात सांगतात तसा. "एक राहुटीत आसा. तो आणि तेची बायल माझां सगळां करतत. दुसरो नोकरयेर आसा. तेका येळ नसता. नोकरी म्हटल्यार तसांच."

काळबांडेंनी मान हलवली. एवढे त्यांनाही कळले होते. त्यांचा चेहरा कठीण झाला. "दोघांची नावं विचार. आईला असं टाकून जातात म्हणजे काय? कायदा आहे यासाठी. दोघांनाही ठाण्यात उभं करतो."

गुरुदासला वाटले, आता ही बोलणार. बोलली तर बरे होईल, असेही त्याला वाटले. आपल्याला जे जमत नाही ते दुसऱ्याने उरकून टाकावे, इतका लाचार तो आयुष्यात कधी झाला नव्हता.

"आजये," त्याने विचारले, "झिलांची नावां काय?"

अख्ख्या वाडीतल्या पोरांची नावे, कोण कुठल्या पावसात जन्मले आणि कोणाला कुठल्या जत्रेत देवी आल्या हे जिला पाठ, तिने कपाळाला आठी घातली.

"आठवणा नाय, पोलिसांनू," ती म्हणाली. "म्हातारी झालंय मी."

"अरेरे," काळबांडे हळू आवाजात म्हणाले. "पोटच्या पोरांची नावंसुद्धा गेली."

दाराजवळ उभ्या असलेल्या सुशांतने आधी हौसाबाईच्या नाकाकडे पाहिले, मग गुरुदासच्या. आणि मग तो खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. नाडी सुटलेली नव्हती.

साहेबांनी घरात डोकावले. पेजेचे भांडे, पाण्याची कळशी, वाटीत दोन केळी, कोपऱ्यात बादली. म्हातारीला असे सोडून जाता येणार नाही, हे त्यांनी तिथेच ठरवले. आधी मालवणच्या सरकारी रुग्णालयात दाखवायचे. मुलांचा पत्ता लागेपर्यंत एका वृद्धाश्रमात ठेवायचे. तिथल्या बाई त्यांच्या ओळखीच्या होत्या. सराव थांबला. पोरांनी हेल्मेटे काढली.

गाडीची मागची पायरी उंच होती. "तू उचल त्यांना," काळबांडे गुरुदासला म्हणाले. "तुझ्या बोलीचा माणूस आहेस. तुला घाबरणार नाहीत."

त्याने आईला उचलले. तिचे वजन असे राहिलेच नव्हते. चतुर्थीला तो आला होता तेव्हा तिच्या पाया पडला होता, पण वाकून, लांबून. इतक्या जवळ तो किती वर्षांत आला नव्हता. ओटीपासून गाडीपर्यंत चालताना तिने त्याच्या खांद्याशी तोंड नेले.

"आवाज तुझो वाटलो म्हणान भायर इलंय," ती पुटपुटली. "नायतर आतच रवलंय असतंय."

तो गाडीकडे चालत राहिला.

"म्हादून गावाक सांगल्यान, आये गुरूकडे ओरोसाक आसा म्हणान. तू कोणाक काय बोलू नको. गावपळण मोडली म्हणान गाव तेका रवाक देवचो नाय."

त्याने तिला आतल्या बाकावर ठेवले. काळबांडेंनी स्वतःचा टॉवेल घडी करून बाकावर आधीच घालून ठेवला होता. गुरुदासच्या शर्टाची पुढची बाजू ओली झाली होती. त्याचा हात आपोआप ती पुसायला गेला. आईने ते पाहिले आणि तोंड दुसरीकडे फिरवले. तेवढ्यासाठी तो हात तोडून टाकावा, असे त्याला वाटले.

गाडी खळ्यातून वळली. सराव तेवढा नीट झाला म्हणायचा. वेशीबाहेर पडल्यावर माळाकडची वाट डावीकडे राहिली आणि गाडी मालवणच्या रस्त्याला लागली. झाडीमागून राहुट्यांवरचे भजन ऐकू आले आणि मागे पडले.

स्टिअरिंगवर हात होते, पण गुरुदासचे डोके भलतीकडे चालले होते. सगळे सुरळीत जुळत होते. रुग्णालयात साहेब तिला सोडतील. संध्याकाळी ड्युटी संपली की आपण जायचे, डॉक्टरांना नातेवाईक म्हणून सांगायचे, रिक्षा करायची आणि ओरोसला क्वार्टरवर न्यायचे. महादू गावाला जे सांगून बसला होता ते खरे होऊन जाईल. गावाला गावपळण पाळल्याचे समाधान राहील, महादूला तोंड दाखवायला जागा राहील आणि साहेबांच्या नजरेत आपण आहोत तसेच राहू. कोणाचेच काही जात नव्हते. फक्त संध्याकाळपर्यंत तिने बेवारस राहायचे होते. आणि ती राहील, याची त्याला खात्री होती. विचारले तर ती आपले स्वतःचे नावही विसरेल.

मागून तिचा आवाज आला. सुशांतने तिला पाणी दिले असावे. "देव बरां करो तुझां, बाबा. तुझी आवस खंय असता?" असे काहीतरी ती त्याच्या आईबद्दल विचारत होती. सुशांतने काय उत्तर दिले ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आले नाही.

काळबांडे काचेतून बाहेर बघत म्हणाले, "माझी आई गेली तेव्हा मी जंगलात होतो. तिसऱ्या दिवशी निरोप मिळाला." थोड्या वेळाने त्यांनी गुरुदासकडे पाहिले. "तू मघाशी किती हळू उचललंस त्यांना. सगळ्यांना नाही जमत तसं. तुझी आई असते ना रे? कुठे असते?"

ओरोसला, माझ्याकडे. उत्तर तयार होते. महादूने ते आधीच करून ठेवले होते, नुसते उचलून द्यायचे होते. गुरुदासने तोंड उघडले. पुढे एस.टी. येत होती, तिला वाट द्यायला त्याने गाडी कडेला घेतली. एस.टी. गेली, तरी गाडी कडेनेच हळूहळू चालत राहिली.

"मागे बसलीय, साहेब," तो म्हणाला.

काळबांडेंना आधी ते कळले नाही. मग कळले. ते त्याच्याकडे बघत राहिले आणि गुरुदास रस्त्याकडे बघत राहिला. शिव्या पडल्या असत्या तर त्याला सोपे गेले असते. कानाखाली बसली असती तरी चालले असते.

"गाडी थांबव," काळबांडे शेवटी म्हणाले.

त्याने गाडी थांबवली. साहेब उतरले आणि मागे गेले. दार उघडल्याचे, काहीतरी बोलल्याचे आवाज आले. मग ते आणि सुशांत असे दोघे हौसाबाईला हाताच्या झोळीत घेऊन पुढच्या बाजूला आले. साहेबांनी तिला स्वतःच्या सीटवर बसवले, टॉवेल तिच्याखाली सारखा केला, लुगड्याचा सोगा दारात सापडू नये म्हणून आत सारला.

"मी मागे बसतो," ते गुरुदासकडे न बघता म्हणाले. "कुठे जायचं ते आता यांना विचार. त्या सांगतील तिकडे घे."

दार लागले. केबिनमध्ये ती दोघेच राहिली. एवढ्या मोठ्या सीटवर हौसाबाई एका कोपऱ्यात बसली होती. तिचे पाय खाली टेकत नव्हते. गुरुदासने किल्लीला हात लावला, पण ती फिरवली नाही.

"सांगलंस कित्याक रे?" ती म्हणाली. "निभावून न्हेलंय असतां मी."